वेफर न मोडता जगावे कसे : बारामती-इंदापूरच्या होतकरूंसाठी

सगळ्यात आधी घरच्यांना काय सांगायचं ते ठरवून ठेवा. बाकीचं काम कुणाच्या तरी हाताखाली राहून शिकता येतं. हे मात्र ऐन वेळी सुचत नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ‘मी प्रोसेसला आहे’ एवढं म्हटलंत की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘कुठल्या कारखान्याला?’ माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, नीरा-भीमा, यांपैकी एक नाव समोरच्याला हवं असतं. ते न देता तुम्ही ‘युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये’ असं म्हणालात तर तो दोनपैकी एक समज करून घेईल. एक, तुम्ही प्राध्यापक आहात. दोन, तुम्ही परीक्षानळ्या धुता. दुसरा समज सत्याच्या जास्त जवळ आहे, पण तसं लगेच कबूल करू नका.

आत्याचं तोंड पेढा देऊन बंद करता येतं. मामाचं येत नाही.

‘मग बनवता काय तुमी तिथं?’

‘सिलिकॉनच्या चकत्या असतात, मामा. त्यांच्यावर बारीक काम करायचं.’

‘दिवसाला किती निघत्यात?’

‘आठवड्याला चार-पाच.’

‘क्विंटल?’

‘चकत्या.’

यानंतर मामा विषय बदलून उसाच्या पहिल्या उचलीवर येतात. त्यांना येऊ द्या.

खरं तर मामांना पटेल असं उत्तर त्यांच्याच कारखान्यात उभं आहे : पॅनमन. व्हॅक्यूम पॅनमध्ये पाक उकळत असतो, त्यात बी सोडलेलं असतं, आणि हा माणूस मधूनच नमुना काढून काचेच्या पट्टीवर थेंब पसरतो, दिव्यासमोर धरतो आणि दाणा कसा धरलाय ते बघतो. मग व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरवतो. त्याच्या हाताखालच्या यंत्राची किंमत त्याच्या सात पिढ्यांच्या कमाईपेक्षा जास्त असते. चीफ केमिस्टकडे पदवी असते, पण पॅनमन रजेवर गेला की चीफ केमिस्टच्या कपाळावर आठ्या पडतात. नॅनोफॅब लॅबमधला प्रोसेस इंजिनिअर म्हणजे हाच पॅनमन. फरक इतकाच की त्याच्या कामातला दाणा डोळ्यांना दिसत नाही आणि दिसायला लागला तर काहीतरी बिघडलेलं असतं.

कुठे जावे

बारामतीत काय नाही, हा प्रश्न बारामतीत विचारू नये. तरीही सांगणं भाग आहे : नॅनोफॅब्रिकेशनची लॅब नाही. दूध आहे, रिक्षांचा कारखाना आहे, उसाच्या शेतात सेन्सर रोवून संगणकाकडून पाण्याचा सल्ला घेणारं कृषी विज्ञान केंद्र आहे. इंदापूर तालुक्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात, मासळीचा लिलाव होतो, जवळच कागदाची गिरणी आहे. पण सिलिकॉनवर शंभर नॅनोमीटरची रेघ मारायची तर पवई गाठायला हवी.

पवईला आयआयटी मुंबईत २००६ साली केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान खात्याच्या पैशातून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं उत्कृष्टता केंद्र सुरू झालं. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था त्यात जोडीदार. त्याआधी आपल्याकडे या विषयात हुशार माणसं होती, पेपर होते, सैद्धांतिक गणितं होती. वेफर, म्हणजे मामांना सांगितलेली तीच चकती, हातात घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेता येईल असं विद्यापीठीय ठिकाण मात्र हवं तसं नव्हतं. २००८ पासून या केंद्राला ‘आयएनयूपी’ या योजनेची जोड मिळाली. देशातल्या कुठल्याही कॉलेजातल्या संशोधकाने प्रस्ताव पाठवावा, तो पसंत पडला तर येऊन शिकावं आणि लॅब वापरावी. पुढच्या टप्प्यात दिल्ली, मद्रास, खरगपूर आणि गुवाहाटीच्या आयआयटीही या योजनेत आल्या.

म्हणजे असं की, बारामतीच्या विद्यानगरीत इंजिनिअरिंग करणारी एखादी मुलगी, जिने आयुष्यात मायक्रोमीटर स्क्रूगेजपलीकडे बारीक काही मोजलेलं नाही, ती उद्या कोट्यवधींच्या यंत्रासमोर उभी राहू शकते. ते यंत्र तिच्या हातात कधी द्यायचं, हे ठरवणार तुम्ही. इथून तुमच्या नोकरीला सुरुवात होते.

पेहराव

गणवेश पांढरा किंवा निळा असतो. आधी डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, मग हुड, मग अंगभर झगा, मग बूट, शेवटी हातमोजे. वरून खाली, हा क्रम. उलट केलात तर झग्याचे पाय जमिनीला लागतील आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून. झगा तुम्हाला धुळीपासून वाचवण्यासाठी आहे असा समज करून घेऊ नका. धूळ तुम्हीच आहात. नुसता शांत बसलेला माणूससुद्धा मिनिटाला लाखाच्या घरात सूक्ष्म कण सोडत असतो : कातडीचे, केसांचे, कपड्यांच्या तंतूंचे. चालू लागला की हा आकडा कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून क्लीनरूममध्ये, म्हणजे लॅबच्या या धूळमुक्त खोलीत, धावायचं नसतं, आग लागली तरच धावायचं. आणि तेव्हाही झगा काढण्यात वेळ घालवायचा नसतो.

‘क्लास १००’ अशी पाटी दिसेल. म्हणजे एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभराच्या आत. ही व्यवस्था शक्य झाली ती अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या विलिस व्हिटफिल्ड या गृहस्थांमुळे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी खोली झाडत बसण्याऐवजी गाळलेली हवा छतातून सरळ रेषेत खाली सोडली आणि जमिनीतून ओढून घेतली. घाण बाहेर काढायला माणूसच नको, हवाच झाडू मारेल. घरी आईला हे सांगितलंत तर ती विचारेल, पण कोपऱ्यातलं काय? बरोबर विचारते. कोपऱ्यातलं तुम्हालाच पुसावं लागतं, अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या धागे न सुटणाऱ्या कापडाने, एका दिशेने.

बंदी असलेल्या गोष्टी : पावडर, काजळ, पेन्सिल, साधा कागद, खोडरबर, तंबाखू. शेवटच्या शब्दाशी आपल्या भागातली मंडळी थबकतात. तंबाखू मळणं बाहेरच राहिलं, पण बाहेर सिगारेट ओढून लगेच आत येणंसुद्धा चालत नाही. श्वासातून कण येत राहतात. आणि जेजुरीहून परस्पर ड्यूटीवर येऊ नका. खंडोबाची क्षमा मागून सांगतो, भंडारा दोन आंघोळींनंतरही कानामागून निघतो.

आत गेल्यावर एका खोलीत सगळं पिवळं दिसेल. तो भंडारा नव्हे. फोटोरेझिस्ट नावाचं प्रकाशाला संवेदनशील रसायन तिथे वेफरवर लावतात. त्याला निळा आणि अतिनील प्रकाश सोसत नाही, म्हणून दिव्यांतून तेवढा भाग काढून टाकलेला असतो. पहिल्या दिवशी तिथे दोन तास काढून बाहेर आलात की जग थोडा वेळ निळसर दिसेल. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाण्याची गरज नाही.

पाणी आणि मीठ

हा विषय बारामती-इंदापूरच्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही, असं माझं मत आहे. फक्त तो आपल्याला येतो हे त्याला माहीत नसतं.

१९६०च्या दशकात एमओएस ट्रान्झिस्टर नवे होते आणि वेड्यासारखे वागत. सकाळी एका व्होल्टेजला चालू होणारा ट्रान्झिस्टर संध्याकाळी दुसऱ्याच व्होल्टेजला चालू व्हायचा. तापवला की आणखी बिघडायचा. १९६५ साली फेअरचाइल्ड कंपनीतल्या स्नो, ग्रोव्ह, डील आणि साह या चौघांनी दाखवून दिलं की ऑक्साइडच्या थरात आयन सरकतात, आणि संशयाची सुई जाऊन थांबली ती सोडियमवर. साधं मीठ. हाताच्या घामातलं, भट्टीच्या नळीतलं, न गाळलेल्या पाण्यातलं. यांतले ग्रोव्ह पुढे इंटेलचे सर्वेसर्वा झाले, म्हणजे मिठाच्या मागे लागण्यात करिअर नाही असं कुणी म्हणू नये.

आता नीरा डाव्या कालव्याखालची जमीन डोळ्यांसमोर आणा. पाणी भरपूर, निचरा कमी, उसाला पाट सतत चालू. काही वर्षांनी जमिनीवर पांढरा थर येतो आणि पुढे ती चोपण होते. तिथेही गुन्हेगार सोडियमच. तो मातीच्या कणांना जाऊन बसतो, कण विस्कटतात, माती पाणी मुरवून घेईनाशी होते. उपाय म्हणून आजोबांनी जिप्समची पोती ओतली असतील. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला जागेवरून उठवतं, मग चर खणून, पाणी सोडून तो वाहून न्यायचा. लॅबमध्ये पोती नसतात, पण झगडा तोच. वेर्नर केर्न नावाच्या रसायनतज्ज्ञाने आरसीए कंपनीत १९६५ साली बसवलेली धुण्याची पद्धत आजही जगभर चालते. आधी अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी, एकास एकास पाच, ७५-८० अंशांवर दहा मिनिटं. यात सेंद्रिय घाण आणि कण जातात. मग हायड्रोक्लोरिक आम्लाचं दुसरं पाणी. यात सोडियमसारखे धातूंचे आयन निघतात. आणि प्रत्येक टप्प्यानंतर खळखळून धुणं, वाहत्या पाण्यात.

हे पाणी आयन काढलेलं असतं. त्याचा विशिष्ट विद्युतरोध १८.२ मेगाओम-सेंटिमीटर दाखवायला हवा. आकडा पंधरावर आला की काम बंद आणि प्लँटवाल्याला फोन. इंदापूरच्या बोअरचं पाणी या मीटरला लावायचा मोह होतो. लावू नका, मीटर सरकारी आहे. आयन काढलेलं पाणी पिण्यासाठीही नाही. त्याला चव नसते, आणि लॅबमध्ये काहीही तोंडाला लावायचं नसतं.

मात्र एक अडचण सुप्याकडच्या जिरायती पट्ट्यातून आलेल्यांना येते आणि ती कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेली नाही. टँकरची वाट बघत वाढलेल्या माणसाला नळ उघडा ठेवून पाच मिनिटं शुद्ध पाणी टाकीवरून ओसंडू द्यायचं जिवावर येतं. हात आपोआप नळाकडे जातो. आवरा. धुणं अर्धवट राहिलं आणि तसाच वेफर तापवायला गेला तर वाचलेल्या पाण्याच्या शंभरपट किमतीची भट्टी खराब होईल. ओसंडणाऱ्या पाण्याकडे बघवत नसेल तर घड्याळाकडे बघा.

सोने

घरात लग्नाची बोलणी ज्या धातूवरून अडतात तो धातू इथे रोगजंतूसारखा वागवला जातो. सोनं तापलेल्या सिलिकॉनमध्ये फार वेगाने आत शिरतं आणि तिथे विजेचे वाहक गिळणारी केंद्रं तयार करतं. ज्या भट्टीत एकदा सोन्याचा वेफर गेला तिच्यात नंतर गेलेला प्रत्येक वेफर संशयित. म्हणून सोनं लागलेली यंत्रं वेगळी, चिमटे वेगळे, डबे वेगळे, त्यांच्यावर ठळक खुणा. कुणी ‘फक्त एकदा, फक्त पाच मिनिटं’ म्हणत सोन्याचा नमुना स्वच्छ भट्टीत घालू पाहील, तर तो कितीही मोठ्या सरांचा विद्यार्थी असो, त्याला भट्टीपासून दूर करा. नम्रपणे करा, पण करा.

सोन्याचा माजही उतरवता येतो. ऑक्साइडवर नुसतं सोनं लावलंत तर ते चिकटत नाही, चिकटपट्टी लावून ओढली की निघून येतं. खाली आधी पाच-दहा नॅनोमीटर क्रोमियम किंवा टायटॅनियम लावावं लागतं. हे वाक्य साखरपुड्यात बोलू नये.

आम्ल

इथे थट्टा बाजूला ठेवा.

हायड्रोफ्लोरिक आम्ल, बोलीत एचएफ, काच खातं, म्हणून ते प्लास्टिकच्या किंवा टेफ्लॉनच्या भांड्यात असतं. अंगावर उडालं तर सौम्य एचएफ लगेच झोंबत नाही. हीच भीती. वेदना काही तासांनी येते आणि तोवर ते कातडीतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम पकडत असतं. हृदयापर्यंत परिणाम होऊ शकतो. म्हणून ज्या टेबलावर एचएफ आहे त्याच्या हाताच्या अंतरावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हवं. ते आहे का आणि मुदत संपलेली नाही ना, हे तुम्ही बघायचं, सेफ्टी ऑफिसर येण्याची वाट न बघता. उडालं तर आधी भरपूर पाणी, मग जेल, मग दवाखाना. आणि डॉक्टरला ‘अ‍ॅसिड’ नाही, ‘एचएफ’ म्हणूनच सांगायचं. एकट्याने एचएफ हाताळायचं नाही. रात्री तर नाहीच.

पिरान्हा म्हणजे सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, साधारण तीनास एक. ते आपोआप तापतं. त्यात अ‍ॅसिटोनचा अंश पडला तर स्फोट होऊ शकतो. वापरलेलं पिरान्हा झाकण घट्ट लावून बाटलीत भरणारा माणूस तुम्हाला एकदा तरी भेटेल. त्याला भेटण्याआधीच भिंतीवर पाटी लावून ठेवा. पाटी मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत हवी. स्फोट भाषा विचारत नाही, पण वाचणारा विचारतो.

सायलेन हा वायू हवेत आला की स्वतःच पेटतो. फॉस्फिन आणि डायबोरेन अत्यंत विषारी. यांच्यासाठी शोधक यंत्रं आणि भोंगे असतात. भोंगा वाजला की ‘परवापण असाच वाजला होता’ हे वाक्य मनातही आणायचं नाही. बाहेर.

यूजर

खरं काम इथून सुरू होतं. यंत्रं समजतात, त्यांना मॅन्युअल असतं. यूजरला, म्हणजे लॅब वापरायला येणाऱ्याला, नसतं.

पहिला प्रकार म्हणजे पीएचडीच्या सहाव्या वर्षाला असलेला विद्यार्थी. हा रात्री येतो. त्याच्याकडे एकच चांगला नमुना उरलेला असतो आणि तो तुमच्या एचरमध्ये, म्हणजे थर कोरणाऱ्या यंत्रात, घालायचा असतो. ‘सर, रेसिपीत फक्त प्रेशर थोडं वाढवूया?’ रेसिपी हा शब्द स्वयंपाकातला वाटतो म्हणून लोक त्यात मीठ-मिरची घालायला बघतात. तुम्ही सांगायचं, आधी डमीवर करू. तो म्हणेल, वेळ नाही. तुम्ही म्हणायचं, डमीला वीस मिनिटं लागतात, नवा नमुना बनवायला दोन महिने. इथे तो गप्प होतो. त्या वीस मिनिटांत त्याला चहाला पाठवा. तो जवळ उभा राहिला तर तुमचा हात थरथरेल.

दुसरा प्रकार प्राध्यापक. यांना आकडा हवा असतो. ‘एच रेट किती?’ तुम्ही ‘साधारण’ म्हणालात की ते नाराज होतात आणि ‘नक्की’ म्हणालात की तुम्ही खोटं बोलताय. मधला मार्ग असा : ‘मागच्या आठवड्यात मध्यावर इतका, कडेला इतका, तुमच्या नमुन्याचा वेगळा येईल.’ हे वाक्य सावकाश बोलायचं. तोवर त्यांचा फोन वाजतो.

तिसरा प्रकार बाहेरगावच्या कॉलेजातून आलेला. हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत अवघड. त्याला काहीच माहीत नसतं, म्हणून तो सांगाल ते ऐकतो. आणि त्याला काहीच माहीत नसतं, म्हणून सांगाल त्याहून जास्त काही करत नाही. तो येताना सोबत प्रस्ताव आणतो. त्यात लिहिलेलं असतं, मातीतली ओल मोजणारा सेन्सर. आपल्या भागातला असेल तर हमखास. त्याची चेष्टा करू नका. आयआयटी मुंबईच्या संशोधनातूनच मातीसाठीचे सेन्सर बाहेर आले आहेत, आणि तिथल्याच सूक्ष्म कँटिलिव्हरच्या कामातून स्फोटकांचा वास घेणारं यंत्रही. मातीचा सेन्सर करणाऱ्याला फक्त एक प्रश्न विचारा : हा सेन्सर तू खरोखर शेतात पुरणार आहेस, की नमुन्याच्या मातीत कुंडीत? उत्तरावरून वेफर किती द्यायचे ते ठरवा.

त्याला पहिल्यांदा वेफर कापायला शिकवाल तेव्हा जरा मजा घ्या. चार इंची सिलिकॉन वेफर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. हिऱ्याच्या टोकाने कडेला एवढासा ओरखडा काढायचा, खाली चिमट्याची काडी ठेवायची आणि दोन्ही बाजूंना हलका दाब द्यायचा. ‘टक्’ असा आवाज येऊन तो सरळ रेषेत दुभंगतो, कारण स्फटिकाची प्रतलं त्याच दिशेने असतात. जोर लावला की तुकडे होतात. जोर नाही लावला तरी होतात, पण त्याचं कारण वेगळं असतं आणि ते तुम्ही त्याला दुसऱ्या दिवशी सांगायचं.

ऑक्साइड गेलं की नाही, हे त्याला कसं समजणार? इथे महागड्या यंत्राची गरज नाही. बफर केलेल्या एचएफमधून वेफर काढून पाण्यात बुडवा आणि तिरका धरा. ऑक्साइड असेल तर पाण्याची पातळ चादर तशीच राहते. ऑक्साइड गेलेलं असेल तर उघड्या सिलिकॉनवरून पाणी गोळा होऊन सरकन पळून जातं आणि वेफर कोरडा बाहेर येतो. हे पहिल्यांदा बघितल्यावर त्या मुलाच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, त्यासाठी लोक ही नोकरी सोडत नाहीत. पगारासाठी सोडतात, ते वेगळं.

रंगही शिकवा. ३०० नॅनोमीटर ऑक्साइडचा वेफर निळसर-जांभळा दिसतो. भट्टीतून काढलेला वेफर हिरवा दिसायला लागला की समजा, वेळ बघताना कुणीतरी डुलकी काढली आहे. वर्षभराने तुम्ही रंगावरूनच जाडी ओळखाल आणि मग एलिप्सोमीटरने मोजून खात्री करून घ्याल. हा दुसरा टप्पा न गाळता करणाऱ्यालाच लॅबमध्ये टिकाव आहे.

वही

दर आठवड्याला एक निरुपयोगी वेफर घ्यायचा. कुणाचाही नाही, कुठल्याही शोधनिबंधात जाणार नाही असा. तो एचरमध्ये घालायचा, ठरलेल्या रेसिपीवर, ठरलेला वेळ. मग पाच ठिकाणी मोजायचा : मध्य, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. पाच आकडे वहीत लिहायचे. पुढच्या आठवड्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. आकडे तेच आले तर तुमचं काम चोख झालं, आणि त्याबद्दल जगात कुणीही तुम्हाला शाबासकी देणार नाही. आकडे वेगळे आले की मात्र तुमचं नाव सगळ्यांना पाठ होतं.

वहीत ‘मशीन ठीक’ असं लिहू नका. साखर कारखान्यातल्या शिफ्टच्या नोंदी बघितल्या असतील तर माहीत असेल : तापमान किती, व्हॅक्यूम किती, केव्हा बंद पडलं, का. इथेही तेच लिहायचं. पंपाचं तेल बदललं, तारीख. चिलरचं पाणी कमी होतं, भरलं. चेंबरमध्ये कुणी कुठलं रसायन आणलं होतं. यूजर आपला नमुना कशाचा आहे हे नेहमी खरं सांगत नाहीत. मुद्दाम नव्हे, त्यांनाच माहीत नसतं. वही मात्र विसरत नाही. चार महिन्यांनी एच रेट उतरला की मागची पानं चाळायची, आणि बहुतेक वेळा एखाद्या मंगळवारच्या नोंदीत उत्तर सापडतं.

मला विचाराल तर लॅबची खरी किंमत या वहीत आहे. यंत्र विकत घेण्याचा सोहळा होतो. नारळ फुटतो, फोटो निघतो, पाहुणे झगे घालून आत येऊन खोकतात. ते यंत्र पाच वर्षं त्याच आकड्यांवर ठेवणाऱ्या माणसाच्या मुदतवाढीचा कागद मात्र टेबलाटेबलांवरून फिरत राहतो, कारण देशभर अशा अनेक जागा प्रकल्पाच्या मुदतीवर भरलेल्या असतात. माणूस गेला की वही राहते, पण वहीतलं अक्षर कळणारा राहत नाही. धोलेराला टाटांचा फॅब येतो आहे, साणंदला मायक्रॉन आली आहे. त्यांना माणसं लागणार, आणि ती कुठून नेली जातील हे सांगायला ज्योतिषी नको.

परमनंट हाय का

हा प्रश्न लग्नाच्या बैठकीत तिसऱ्या मिनिटाला येतो. पहिला पगाराचा, दुसरा जमिनीचा. ‘कॉन्ट्रॅक्ट’ म्हणालात की मुलीच्या वडिलांच्या डोळ्यांसमोर एमआयडीसीच्या गेटवरची सकाळची रांग उभी राहते. ‘सायंटिस्ट’ म्हणू नका. गावातला कुणीतरी सोलर पंप दुरुस्त करायला बोलावेल. सांगायचं ते एवढंच : ‘कॉम्प्युटरची चिप असते ना, तिच्या कामाला आहे.’ यावर ‘मंग मोबाइल दुरुस्त करत असशील’ असं उत्तर येईल. मान डोलवा. जमिनीचे प्रश्न सोडवायला वडील बसलेले आहेतच.

रात्रीचा फोन

लॅब चोवीस तास चालते, तुम्ही चालत नाही, आणि हा फरक यूजरला मान्य नसतो. इथे आपल्या भागातल्या पोरांना थोडा फायदा आहे. शेतीपंपाला आठवड्याआड रात्रीची लाइट असते, मोटार चालू करायला दोन वाजता उठायची सवय लहानपणापासून लागलेली. फोन वाजला की ती माणसं भांबावत नाहीत, आधी बॅटरी शोधतात.

फोन आला की पुढचा क्रम पाळा. आधी ऐकून घ्या. समोरचा म्हणेल, ‘सर, मशीनने एरर दाखवलाय.’ एरर कुठला, ते तो सांगणार नाही. ‘लाल रंगाचा आहे,’ असं सांगेल. मग विचारा, नमुना आत आहे की बाहेर? आत असेल तर त्याला चेंबर उघडू नको म्हणून तीनदा सांगा. कारण तो उघडणारच असतो. मग वायूचे व्हॉल्व्ह बंद आहेत का ते वाचून दाखवायला लावा. वाचून, आठवून नव्हे. त्यानंतर विचारा : चिलर चालू आहे का?

तो म्हणेल, ‘चिलर म्हणजे?’

‘मागं पंखा फिरतोय का, तो डबा.’

‘फिरत नाहीये, सर.’

‘बटण दाब.’

‘दाबलं. फिरायला लागला. आता रेसिपी चालू करू?’

‘नको. दहा मिनिटं थांब, पाणी वीस अंशांवर येऊ दे.’

‘सर, पाच चालतील का?’